मान कोण डोलवतं?

आमच्या मिरजेच्या घरासमोर वर्षातून एक-दोनदा नंदीबैल यायचा. आधी ढोलक्याचा तो घशातून काढल्यासारखा गुबूगुबू आवाज, मग झूल, गोंडे, कवड्यांचा पट्टा आणि शेवटी खुद्द बैल. आजी सुपात पसाभर जोंधळे घेऊन उंबऱ्यावर उभी राहायची आणि आम्ही पोरं पायरीवर. प्रश्न ठरलेले असत. पाऊस चांगला पडेल का? बैल मान डोलवी. या घरात लक्ष्मी नांदेल का? डोलवी. ही पोरगी शिकून मोठी होईल का? यावर तर तो दोनदा डोलला होता, असं आजी पुढे कितीतरी वर्षं सांगत असे.

सात-आठ वर्षांची असताना एकदा मी मध्येच ओरडून विचारलं, "मी गणितात नापास होणार का?" बैलानं सवयीनं मान डोलवली. सगळे हसले. नंदीवाल्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, ढोलक्यावर घासायची काठी थांबवली आणि प्रश्न स्वतः पुन्हा विचारला, "पोरगी नापास हुईल का रं?" या वेळी बैलानं मान आडवी हलवली. माझं समाधान झालं. काठी का थांबली होती, हा प्रश्न पडायला मला पुढची बारा वर्षं लागली आणि तो पडला बर्लिनमधल्या एका घोड्यामुळे.

एस. वाय. बी. ए.ला मी मानसशास्त्र घेतलं तेव्हा घरात सर्वांना वाटलं की मी आता माणसांच्या मनातलं ओळखणार. मलाही थोडंफार तसंच वाटत होतं. पहिल्या टर्मला बाईंनी मनाबद्दल काहीच सांगितलं नाही. त्यांनी घोड्याची गोष्ट सांगितली.

घोड्याचं नाव हान्स. मालक विल्हेल्म फॉन ऑस्टेन हा निवृत्त गणितशिक्षक. बर्लिनमधल्या आपल्या घराच्या अंगणात त्यानं या घोड्याला पहिलीच्या पोराला शिकवावं तसं वर्षानुवर्षं चिकाटीनं शिकवलं होतं. प्रश्न विचारला की हान्स खुरानं ठोके मारून उत्तर द्यायचा. बेरजा करायचा, अपूर्णांक सोडवायचा, तारीख आणि घड्याळातली वेळ सांगायचा. मालक बघणाऱ्यांकडून एक पैसा घेत नसे. १९०४ साली बोभाटा इतका झाला की चौकशीसाठी मंडळ बसलं. त्यात कार्ल श्टुम्फ हे नावाजलेले मानसशास्त्रज्ञ होते, तसेच सर्कसवाले आणि प्राणिसंग्रहालयवालेही होते. त्यांनी कसून बघितलं आणि सांगितलं, यात कसलीही हातचलाखी नाही. मालक जवळपास नसताना परक्या माणसानं विचारलं तरी घोडा बरोबर ठोके मारत होता.

आपली बहुतेकांची चौकशी इथंच संपते. माणूस सज्जन आहे, पैसे घेत नाही, मोठमोठ्यांनी बघितलंय, मग खोटं कशाला असेल? माझ्या ओळखीत आजवर जेवढे चमत्कार झाले त्यांतले निम्मे तरी एवढ्याच पुराव्यावर उभे आहेत.

श्टुम्फचा विद्यार्थी ऑस्कर फुंग्स्ट मात्र तिथे थांबला नाही. त्यानं घोड्याला सोडलं आणि विचारणाऱ्याला धरलं. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसेल तर काय होतं, हे त्याला बघायचं होतं. एका माणसानं हान्सच्या कानात एक आकडा कुजबुजायचा, दुसऱ्यानं दुसरा. बेरीज हजर असलेल्यांपैकी कुणालाच ठाऊक नाही. हान्सची विद्या तिथल्या तिथे संपली. मग घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावली. विचारणारा दिसेना तेव्हाही तीच गत. बिचारा मान वळवून वळवून माणूस शोधायचा. हळूहळू उलगडा झाला. प्रश्न विचारल्यावर माणूस नकळत खुराकडे किंचित वाकतो. ठोके बरोबर आकड्यापर्यंत आले की त्याच्या अंगातला ताण सुटतो आणि डोकं केसभर वर उचललं जातं. हान्स तेवढं बघून थांबायचा. गणित माणूस करत होता. घोड्याला माणूस वाचता येत होता, आणि तेही काही कमी नव्हे.

बाईंनी यापुढचा भाग सांगितला तेव्हा वर्गात कुणीतरी चक्क टाळी वाजवली होती. फुंग्स्ट प्रयोगशाळेत स्वतःच घोडा झाला. समोरच्यानं मनात आकडा धरायचा आणि यानं हातानं टकटक करत त्याच्या डोक्याकडे बघायचं. पंचवीस जणांपैकी दोघं सोडून बाकी सगळ्यांची मान योग्य वेळी हलली, आणि आपण हललो हे त्यांच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. सगळं गुपित कळल्यानंतर स्वतः फुंग्स्टलाही ती हालचाल सहजासहजी रोखता येत नव्हती.

मला त्या क्षणी ढोलक्यावर थांबलेली काठी आठवली. पण फरक होता. नंदीवाल्याला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक होतं, तो त्याच्या पोटाचा धंदा होता, कसब होतं. फॉन ऑस्टेनला ठाऊक नव्हतं. तो फुंग्स्टवर आणि घोड्यावरही चिडला आणि १९०९ साली तसाच कडवटपणे गेला. मला या दोघांपैकी प्रामाणिक माणसाची जास्त भीती वाटते. लबाडाला पकडता येतं. ज्याची मान त्याच्या नकळत हलते, त्याला पकडायचं म्हणजे आधी त्याला स्वतःला तशी इच्छा व्हायला हवी.

आता माझी कबुली.

आमच्या प्रॅक्टिकलला आरसा-आरेखन नावाचा प्रयोग असायचा. कागदावर छापलेला तारा, पुढ्यात आडपडदा, आणि समोर आरसा. आरशात बघत पेन्सिल ताऱ्याच्या दोन रेघांच्या मधून फिरवायची. पहिल्या खेपेला हात भलतीकडेच पळतो, पेन्सिल एका टोकाशी थरथरत अडकते, माणूस शब्दशः घामाघूम होतो. सरावानं वेळ आणि चुका कमी होत जातात. आलेख काढला की डावीकडून उजवीकडे छान उतरता वक्र यायला हवा. 'यायला हवा' हा शब्द मी मुद्दाम वापरला. पुस्तकात तो वक्र छापलेला होता आणि आम्ही धडा आधीच वाचलेला होता.

मी प्रयोगकर्ती, माझी मैत्रीण प्रयुक्त, म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती. प्रयुक्ताला प्रयोगाचा हेतू आधी सांगू नये, अशी सूचना जर्नलमध्ये आम्ही दोघींनी सुवाच्य अक्षरात लिहून काढली होती, म्हणजे तो प्रश्नच मिटला होता. पाचव्या प्रयत्नापर्यंत तिचा वक्र शहाण्यासारखा उतरला. सहाव्याला ती कंटाळली. सातव्याला तिची बस सुटायची वेळ झाली. आठव्याला पहिल्यापेक्षा जास्त चुका! मी ते आकडे कच्च्या वहीत लिहिले, जरा वेळ बघितले आणि पक्क्या जर्नलमध्ये ते खाली आणले. खोटेपणा करतोय असं वाटलंच नाही. 'खरे' आकडे पुस्तकात होते, आमचेच कुठेतरी चुकले होते. बाईंनी सही केली. वर्गातल्या सगळ्या जर्नलांत एकसारखे वक्र होते, शाळेच्या गॅदरिंगमधल्या एकसारख्या झग्यांसारखे.

तिचे ते वर चढलेले आकडे खरं म्हणजे त्या दिवशीचा एकमेव शोध होता. कंटाळा, बस, प्रयोगकर्तीचं घड्याळाकडे बघणं, यांतलं काहीतरी त्यात होतं. मी ते खोडरबरानं पुसलं.

ही गोष्ट मी अनेक वर्षं गंमत म्हणून सांगायचे. मग मोठ्या माणसांची जर्नलं उघडायची वेळ आली. २०११ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या डॅरिल बेम या ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञानं एका प्रतिष्ठित नियतकालिकात नऊ प्रयोग छापले. हजारावर विद्यार्थी, नेहमीचीच संख्याशास्त्रीय गणितं, आणि निष्कर्ष असा की माणसाला पुढे घडणाऱ्या गोष्टीची चाहूल आधी लागते. पंचाईत ही होती की बेम यांच्या पद्धती बाकीचे वापरत होते तशाच होत्या. त्या ग्राह्य मानल्या तर भविष्य दिसतं असं म्हणायला हवं होतं. भविष्य दिसत नसेल तर इतरांच्या संशोधनाचं काय, हा प्रश्न उरत होता.

२०१५ साली दोनशे सत्तर संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले शंभर छापील अभ्यास पुन्हा करून बघितल्याचा अहवाल आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांनी आपला परिणाम ठळक असल्याचं सांगितलं होतं. पुन्हा करताना तसा परिणाम मिळाला फक्त ३६ टक्क्यांमध्ये. सगळे काही लबाड नव्हते. बहुतेकांनी माझ्यासारखंच केलं असणार. हा प्रयुक्त आजारी होता, तो गाळू. हा तक्ता जमत नाही, दुसरा लावून बघू. आणखी दहा जण घेऊ, मग दिसेल. प्रत्येक वेळी मान केसभर हलते आणि घोडा बरोबर आकड्यावर थांबतो.

या अहवालानंतर मला ओळखीच्या एका इंजिनिअर गृहस्थांनी चेष्टेत विचारलं, "म्हणजे तुमचं शास्त्र आणि पत्रिका सारखंच की!" मला उलट वाटलं. आपलेच शंभर नमुने बाहेर काढून, त्यातले किती कुजके निघाले ते आकड्यासकट छापणारी पंचांगं मी अजून पाहिलेली नाहीत. आता पुष्कळ संशोधक प्रयोगाआधीच आपण काय मोजणार, किती माणसं घेणार, कोणतं गणित लावणार हे लिहून नोंदवून ठेवतात. टेंडरचा लिफाफा सील करून ठेवावा तसं. मागाहून आकडे खाली आणायची सोय राहत नाही. हे सगळं करावं लागतं यातच कबूल केलेलं आहे की अभ्यास करणाऱ्यावर विश्वास ठेवून चालत नाही. माझ्या लेखी मानसशास्त्र शास्त्र आहे ते या संशयामुळे. पांढऱ्या कोटामुळे किंवा मेंदूच्या रंगीत चित्रांमुळे मुळीच नव्हे.

रंगीत चित्रांवरून आठवलं. गेल्या वर्षी पुण्याला भावाकडे गेले तेव्हा भावजयीनं माझ्या हातात स्पायरल बाइंडिंगचा एक जाडजूड रिपोर्ट ठेवला. भाचा दहावीत. शिबिरात कुणीतरी त्याच्या दहाही बोटांचे ठसे मशीनवर घेतले होते, पाच हजार रुपये घेतले होते आणि चाळीस पानांत त्याचं अख्खं आयुष्य मांडून दिलं होतं. डावा मेंदू, उजवा मेंदू, आठ प्रकारच्या बुद्धिमत्ता, करिअरांसमोर चांदण्या. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात, असं पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात होतं. ते खरंच आहे. त्या एका खऱ्या खुंटीला पुढची एकोणचाळीस पानं बांधली होती. रेषा जन्माआधीच्या म्हणून त्यात गणिताची आवड लिहिलेली असते, ही उडी कुठेच दिसत नव्हती. पान उलटताना ती बेमालूम पार पडायची.

"ताई, तुम्हीच वाचा आणि सांगा," भावजय म्हणाली, "हा आपला पोरगाच आहे की नाही?" वाचलं तर खरंच तोच होता. 'क्षमता भरपूर आहे, पण पुरेशी वापरली जात नाही.' 'वरून शांत दिसतो, पण आतून काळजी करतो.' 'ओळखीच्यांत मोकळा, अनोळखी ठिकाणी बुजतो.'

मला अर्थातच फोरर आठवला. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली, प्रत्येकाला 'त्याचं' वर्णन दिलं आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. मग कळलं की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, तोही बराचसा रस्त्यावरच्या स्टॉलवरल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला.

मी ठरवलं, भावजयीला पुस्तकी गोष्ट सांगण्यापेक्षा करूनच दाखवू. रिपोर्टातली सहा वाक्यं कागदावर उतरवली आणि संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर जाऊन बसले. चार आया होत्या. मी थाप मारली की जन्मतारखेवरून मुलांचा स्वभाव सांगणारं एक ॲप आलंय. एकेकीला तारीख विचारून मोबाइलकडे बघत तीच सहा वाक्यं वाचून दाखवली. तिघी म्हणाल्या, अगदी तंतोतंत. एक तर म्हणाली, "आतून काळजी करतो, हे तुमच्या ॲपला कसं कळलं हो? माझ्या नवऱ्याला चौदा वर्षांत कळलं नाही." चौथी म्हणाली, आमची तशी नाहीये. मी विजयी मुद्रेनं वर आले.

भाऊ ऑडिटर आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांनी वाचलं की तू वाचून दाखवलंस?"

"मी वाचलं. का?"

"आत्ता मला सांगताना प्रत्येक वाक्याला तू मान डोलावत होतीस. आणि ती चौथी?"

"तिचं लक्ष नव्हतं रे, मुलगी घसरगुंडीवर होती."

तो काही बोलला नाही. त्याला सवय आहे. लोक व्हाउचर का नाही ते नेहमी असंच सांगतात. पण मला घाम फुटला. ज्या गोष्टीची परीक्षा पुराव्यानं घ्यायला निघाले होते, ती मी नंदीबैल लावून घेतली होती, आणि न जुळलेली नोंद चाळीस वर्षांपूर्वीच्या त्याच खोडरबरानं पुसली होती. रिपोर्ट भिकार होता हे माझं मत अजूनही तेच आहे. ते सिद्ध केल्याचा माझा दावा मात्र तितकाच भिकार होता.

असली परीक्षा नीट कशी घ्यायची, ते पुण्यातच कुणीतरी करून ठेवलेलं आहे. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी मिळून २००८ साली फलज्योतिषाची एक चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या. सगळ्या मिसळून, सांकेतिक क्रमांक देऊन बंद. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या पाठवायच्या आणि त्यानं फक्त एवढंच सांगायचं की कुठली कुठल्या गटातली. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगला आला तो चाळीसपैकी चोवीसवर. सर्वांची सरासरी निम्म्याच्याही खाली, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. एका ज्योतिषसंस्थेनं सगळ्या दोनशे घेतल्या आणि त्यांची १०२ बरोबर आली. पुढच्या वर्षी हे 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं.

मला त्यातला निकाल फारसा नवलाचा वाटत नाही. ज्या गोष्टीसाठी मी त्या चाचणीला हात जोडते ती वेगळी: कुंडल्या पाठवणाऱ्यांनाही कुठली कुंडली कुणाची ते माहीत नव्हतं. नारळीकर ज्योतिषाचे विरोधक, दाभोलकरांनी तर त्यात आयुष्य घातलेलं. तरी त्यांनी व्यवस्था अशी केली की स्वतःला हवं असलेलं उत्तर नकळतही ज्योतिषांपर्यंत पोचू नये. दुसऱ्याच्या अंधश्रद्धेला झापडं लावणारे पुष्कळ असतात, मी त्या दिवशी बाकावर तेच करत होते. यांनी आधी स्वतःला लावली.

रात्री जेवणं झाल्यावर भाच्याशी एक खेळ खेळले. पीटर वेसन नावाच्या लंडनच्या मानसशास्त्रज्ञानं १९६० साली छापलेला. माझ्या मनात तीन आकड्यांचा एक नियम आहे, त्यात २, ४, ६ बसतात. तू दुसरे तीन आकडे सांगून नियम ओळख. तो म्हणाला, ८, १०, १२. बसतात. २०, २२, २४. बसतात. १००, १०२, १०४. बसतात. "सोप्पंय! दोन-दोननं वाढणारे सम आकडे."

"नाही."

मग त्यानं बराच वेळ खर्ची घालून आणखी गुंतागुंतीचे नियम मांडले. माझा नियम एवढाच होता की आकडे चढत्या क्रमानं हवेत. १, ७, ९३ असं एकदा जरी विचारलं असतं किंवा ६, ४, २ विचारून 'नाही' पदरात पाडून घेतलं असतं, तर वाट सापडली असती. पण प्रत्येक 'बसतात'ला त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद यायचा, तो मी ओळखत होते. पायरीवर बसून मी तो अनुभवलेला आहे. आपण बैलाला विचारतोच असे प्रश्न, ज्यांना तो हो म्हणेल.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी भावजयीनं मूळ मुद्दा काढला. रिपोर्ट राहू दे बाजूला, पण अकरावीला सायन्स की कॉमर्स? "तुम्ही विचारा त्याला, तुमचं ऐकतो तो." भाचा समोर सोफ्यावर बसला होता. मी विचारलं, "तुला काय करायचंय रे?" त्यानं उत्तर द्यायच्या आधी आईकडे बघितलं, मग बापाकडे, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर काय होतं देव जाणे. "सायन्स?" तो म्हणाला. शेवटी प्रश्नचिन्ह होतं.

मी उठले, स्वयंपाकघरात गेले, चहाचं आधण ठेवलं. भावजयीला हाक मारून आलं किसायला बसवलं. भावाला गॅलरीतून दूध आणायला पिटाळला. मग भिंतीआडूनच, आधणाकडे बघत, पुन्हा विचारलं, "काय करायचंय तुला?"

बराच वेळ पंख्याचाच आवाज येत होता. भावजय किसणी हातात धरून थांबली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी तिला खूण केली, किसत राहा.

"आत्या," बाहेरून आवाज आला, "मला खरंच माहीत नाही गं."